जुनी पिकअप : पहाटे लवकर सुरू होत नाही आणि गरम झाली की रेस खाली येत नाही

अंजीरवाला (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. सासवडच्या पुढे आमचे गाव आहे. माझ्याकडे २००४ सालची डिझेल पिकअप आहे. इंजिन अडीच लिटरचे, डायरेक्ट इंजेक्शनचे असून त्यावर यांत्रिक रोटरी पंप (इंजिनाला डिझेल पुरवणारा) आहे. ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर असले काहीही त्यात नाही. आठवड्यातून तीन वेळा पहाटे अंजिराच्या पेट्या घेऊन दिवे घाटाने मार्केट यार्डात जावे लागते, आणि अंजीर हे फळ गाडी सुरू होण्याची वाट पाहत थांबणारे नाही.

तक्रारी दोन आहेत. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहाटे पहिल्या सेल्फला कधीच सुरू होत नाही. चार-पाच वेळा लांब सेल्फ मारावा लागतो, मग ती खोकत सुरू होते आणि मिनिटभर रेस (इंजिनाचा वेग) वरखाली होत राहते. दुसरी तक्रार याच्या अगदी उलट वेळेची आहे. घाट उतरून हडपसरच्या गर्दीत पोहोचेपर्यंत इंजिन पुरते तापते आणि तेव्हा ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी रेस खाली येत नाही. क्लच सोडताच गाडी आपोआप पुढे ओढते आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो.

गेल्या महिन्यात एका गॅरेजमध्ये दाखवली होती. त्यांनी एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलले, ‘स्लो’ (पाय काढल्यावर राहणारी रेस) थोडा वाढवून दिला आणि तरीही फरक न पडल्यास पंप उतरवून पूर्ण काम करावे लागेल असे सांगून २२ हजारांचा अंदाज दिला. गाडीच्या वयाकडे पाहता एवढा खर्च करण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे.

जुनी_पेट्रोल (सोमवार, रात्री १०.१५)

माझ्या जुन्या पेट्रोल जीपला हुबेहूब हाच त्रास होता. इनटेक मॅनिफोल्डपासून ब्रेक बूस्टरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी चिरली होती. ती बदलली आणि आयडल (म्हणजे ‘स्लो’) कंट्रोल व्हॉल्व्ह काढून साफ केला, तेव्हा रेस जागेवर आली. तुम्हीही आधी व्हॅक्यूमच्या नळ्या तपासून पाहाव्यात.

निवृत्त_पंपवाला (सोमवार, रात्री ११.०५)

पेट्रोल आणि डिझेल यांची गल्लत सुरुवातीलाच दूर केलेली बरी. पेट्रोल इंजिनाचा वेग आत येणाऱ्या हवेवर ठरतो. थ्रॉटलच्या पुढे एखादी नळी चिरून जास्तीची हवा आत गेली की त्या मापाने पेट्रोलही वाढते आणि रेस चढते, त्यामुळे वरील सल्ला त्या गाडीपुरता अगदी योग्य होता. जुन्या यांत्रिक डिझेलमध्ये मात्र हवेला अडवणारे दारच नसते. हवा नेहमी पूर्ण आत येते आणि पंप किती डिझेल देतो एवढ्यावरच वेग ठरतो. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूमसुद्धा मॅनिफोल्डमधून येत नाही, त्यासाठी निराळा व्हॅक्यूम पंप असतो. म्हणून अंजीरवाले साहेबांच्या गाडीत व्हॅक्यूमच्या नळ्या शोधण्यात वेळ घालवू नये.

माझे आयुष्य पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) यांच्यात गेले आहे, आणि या धंद्यात राहूनही मी हेच सांगेन की पंप शेवटी उतरवावा. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे असे गृहीत धरू नका. एक थंड इंजिनाची आहे, दुसरी गरम इंजिनाची. ‘स्लो’ वाढवल्याने मात्र दोन्हींच्या खुणा एकमेकींत मिसळल्या आहेत, कारण पहाटेचे खोकणे त्याने थोडे झाकले गेले आणि गरम असतानाची रेस आणखी वाढली.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरे गाडीजवळ जाऊन, प्रत्यक्ष पाहून द्यावीत. पहाटे सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, आणि कोणत्या रंगाचा? चावी फिरवल्यावर पंपावरील सोलेनॉइडचा (डिझेलची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेचा) ‘टक’ असा आवाज येतो का? फिल्टरवरच्या हँड प्रायमरचे (हाताने डिझेल भरण्याच्या पंपाचे) बटण पहाटे दाबल्यास ते कडक लागते की मऊ? आणि गाडी कधी विनातक्रार सुरू होते का? झाल्यास त्या रात्री ती कुठे व कशी उभी होती?

अंजीरवाला (मंगळवार, सकाळी ७.३०)

आज पहाटे मुलाला सेल्फ मारायला बसवून मी स्वतः मागे उभा राहिलो. पहिल्या तीन सेल्फना धूर अजिबात आला नाही. चौथ्याला पांढरा धूर आला आणि त्यापाठोपाठ इंजिन सुरू झाले. सोलेनॉइडचा आवाज स्पष्ट येतो. प्रायमर मऊ लागला, अगदी फुग्यासारखा.

विनातक्रार सुरू होण्याबद्दल म्हणाल तर, यार्डातले काम लांबले की मी धनकवडीला मेहुण्याकडे मुक्काम करतो आणि तेथे गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. आमच्या गावापेक्षा पुण्यात थंडी कमी असते, त्यामुळे ते होत असावे असा माझा समज आहे.

निवृत्त_पंपवाला (मंगळवार, सकाळी ९.००)

धनकवडीची ती गल्ली उताराची आहे का, आणि गाडीचे तोंड उताराकडे असते का?

अंजीरवाला (मंगळवार, सकाळी ९.२०)

होय, चांगलाच उतार आहे. सकाळी निघायला सोपे जावे म्हणून मी तोंड खालीच करून ठेवतो. गावी मात्र गाडी अंगणात सपाट जागी असते.

निवृत्त_पंपवाला (मंगळवार, सकाळी १०.१०)

मग थंडीला दोष देण्याआधी एक प्रयोग करावा. आज रात्री गावातच एखाद्या उतारावर, तोंड खाली करून, चाकांना दगड लावून गाडी उभी करा. थंडी तुमच्या गावचीच राहील, फक्त उतार धनकवडीचा असेल. पहिल्या सेल्फला सुरू झाली तर उत्तर मिळालेच म्हणून समजा.

कारण असे. तुमच्या गाडीची टाकी चासीला मागच्या बाजूस आहे आणि पंप पुढे, टाकीपेक्षा उंचावर. या पंपाच्या पोटातच पात्यांचा एक लहान पंप असतो आणि तोच टाकीतून डिझेल ओढून आणतो. ओढणाऱ्या नळीत कुठेही सूक्ष्म फट असली की इंजिन बंद झाल्यावर तेथून हवा आत शिरते आणि नळीतले डिझेल रात्रभरात टाकीकडे परत उतरते. पहाटे सेल्फ मारताना इंजिन आधी ती हवा ओढत बसते, म्हणून धूर नाही आणि प्रायमरही मऊ. धूर नाही याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेलच पोहोचलेले नाही. पहिल्या सेल्फपासूनच भरपूर पांढरा धूर येत असता तर डिझेल पोहोचते आहे पण पेट घेत नाही असा अर्थ झाला असता, आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ), नोझल यांचा विचार करावा लागला असता. तोंड उताराकडे असले की टाकी वर जाते आणि डिझेलला मागे उतरायला वावच राहत नाही.

अशा फटीतून डिझेलचा थेंबही बाहेर दिसत नाही, ही यातली खरी फसवणूक आहे. ओढणाऱ्या बाजूला इंजिन चालू असताना दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तेथून काही गळत नाही, उलट हवाच आत खेचली जाते. ‘कुठेही लिकेज नाही’ असे सांगणारा फिटर म्हणूनच खोटे बोलत नसतो.

मृणाल_कोथरूड (मंगळवार, दुपारी १.४५)

वरील विवेचनाशी सहमत आहे, परंतु सेल्फच्या बाजूचीही तपासणी सोबतच करून घ्यावी असे सुचवते. डिझेल इंजिन दाबाने तापलेल्या हवेवर पेटते, आणि इंजिन सावकाश फिरले तर दाबातली उष्णता सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते. वीस वर्षांच्या गाडीत बॅटरी नवी असली तरी अर्थिंगचा पट्टा बहुधा जुनाच असतो.

साध्या मल्टिमीटरने तीन मोजमापे घ्यावीत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट असावेत, १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास निम्मीच भरलेली आहे. सेल्फ मारत असताना तेथेच वाचन ९.६ च्या खाली जाऊ नये. तिसरे मोजमाप फारसे कोणी घेत नाही. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी सेल्फ मोटारच्या लोखंडी अंगावर ठेवून सेल्फ मारावा. तेथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास तेवढा विजेचा दाब अर्थिंगच्या वाटेतच वाया जातो आहे असे समजावे.

घाईत_भोसरी (मंगळवार, सायंकाळी ६.२०)

एवढा अभ्यास कशासाठी? एअर फिल्टरच्या तोंडाशी स्टार्टिंग स्प्रे मारावा, गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. माझा टेम्पो दोन हिवाळे असाच चालला आहे.

निवृत्त_पंपवाला (मंगळवार, सायंकाळी ७.००)

दोन हिवाळे चालला हे त्या टेम्पोचे मोठेपण आहे. त्या स्प्रेमध्ये ईथर असते. ते पिस्टन वर पोहोचण्याआधीच पेट घेते आणि उलटा घाव पिस्टनच्या रिंगांवर व कनेक्टिंग रॉडवर बसतो. ज्या गाडीत हिटर प्लग आहेत तेथे तर ते इनटेकमध्येच भडकू शकते. तातडीला कोणी एकदा वापरले तर मी समजू शकतो, पण रोज पहाटे वापरल्यास रिंगा तुटून कॉम्प्रेशन खरोखरच जाईल आणि मग पंपावर नसलेला खर्च इंजिनावर करावा लागेल.

अंजीरवाला (बुधवार, सकाळी ६.५०)

रात्री मंदिरामागच्या उतारावर गाडी तोंड खाली करून ठेवली होती. पहाटे अंगावर दोन घोंगड्या घ्याव्यात अशी थंडी होती. गाडी पहिल्या सेल्फला, अर्ध्या फेऱ्यात म्हणावे इतक्या सहज सुरू झाली आणि रेस वरखालीही झाली नाही. थंडीवर मी उगाच आळ घेतला होता.

मृणालताई, तुमची मोजमापेही घेतली. बॅटरी उभ्या गाडीत १२.५, सेल्फ मारताना १०.१, परंतु बॅटरीचे ऋण टोक आणि सेल्फचे अंग यांच्यामध्ये चक्क ०.९ व्होल्ट दिसले. मीटर बिघडला असावा असे वाटून पुन्हा मोजले, तरी तेवढेच आले.

मृणाल_कोथरूड (बुधवार, सकाळी ११.३०)

मीटर ठीक आहे. इंजिनापासून चासीपर्यंत येणारा विणलेला पट्टा आणि बॅटरीपासून चासीला जाणारी केबल यांची दोन्ही टोके सोडवावीत, लोखंडावरचा रंग व गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावावे. काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे आणि शेवटी ते सर्वांत नंतर जोडावे. पट्ट्याच्या तारा आतून हिरव्या झालेल्या दिसल्या तर घासत बसू नका, तो बदलाच.

निवृत्त_पंपवाला (बुधवार, दुपारी १२.४०)

आता फट शोधायची. पंपाच्या तोंडाशी येणारी रबरी नळी काढून तेथे वीतभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी तात्पुरती बसवा, म्हणजे डिझेलबरोबर बुडबुडे येतात का ते डोळ्यांना दिसेल. बुडबुडे दिसले की टाकी वगळून तपासा. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनाजवळ उंचावर बांधा आणि फिल्टरकडे जाणारी नळी टाकीच्या वाटेवरून सोडवून थेट त्या डब्यात बुडवा. बुडबुडे थांबले तर दोष फिल्टरच्या मागे टाकीकडे आहे. न थांबल्यास फिल्टरचे हेड, प्रायमर किंवा बेंजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर यांत आहे. अशा रीतीने वाट निम्मी-निम्मी करत गेल्यास तीन-चार पायऱ्यांत जागा सापडते. संशयाच्या सांध्यावर बोटाने घट्ट ग्रीस फासून पाहणे हाही जुना उपाय आहे. ज्या सांध्यावर ग्रीस लावताच बुडबुडे थांबतात तोच चोर. नळीतून डिझेल तोंडाने ओढू नका. आमच्या पिढीने ते केले, पण चुकून फुप्फुसात गेले तर दवाखाना गाठावा लागतो.

नवा फिल्टर बसवताना त्याचे रबरी वॉशर नीट बसले आहे का तेही पाहा. अनेकदा जुने वॉशर हेडलाच चिकटून राहते आणि त्यावर नवे बसवले जाते.

अंजीरवाला (शुक्रवार, रात्री ८.३०)

बुधवारी सायंकाळी पारदर्शक नळी लावली. इंजिन सुरू केले तर दर दोन-तीन सेकंदांनी साबुदाण्याएवढा बुडबुडा जाताना दिसला. डबा लावल्यावर एकही नाही. म्हणजे दोष मागे. फिल्टरच्या वॉशरबद्दलची शंका मात्र खोटी ठरली, तेथे सगळे नीट होते.

टाकीच्या अगदी जवळ, जेथे लोखंडी नळी संपून बोटभर रबरी नळी लागते, तेथे ग्रीस फासले आणि बुडबुडे थांबले. ती नळी काढून वाकवली तर आतून भेगाळलेली निघाली. बाहेरून ती इतकी धडधाकट दिसत होती की मी तिच्यावर कधीच संशय घेतला नसता. गुरुवारी यार्डातून परतताना नाना पेठेत जाऊन डिझेलसाठीची नळी, चार चांगल्या क्लिपा आणि अर्थिंगचा नवा पट्टा घेतला. मागच्या व पुढच्या दोन्ही रबरी नळ्या बदलल्या. फक्त पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळी पाहणीसाठी अजून ठेवली आहे. सगळा खर्च ९०० रुपयांच्या आत झाला. अर्थिंगचे वाचन आता ०.१५ आहे.

आज पहाटे गाडी अंगणात, सपाट जागी, पहिल्या सेल्फला सुरू झाली. सेल्फ फिरण्याचा आवाजही बदलला आहे. इतकी वर्षे तो दमलेल्या माणसासारखा येत होता हे मला आज कळले.

परंतु गरम झाल्यावरची रेस होती तशीच आहे.

निवृत्त_पंपवाला (शुक्रवार, रात्री ९.१५)

अपेक्षित होते, ती निराळी तक्रार आहे. अंदाजाने न बोलता आकडा घ्या. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हातात धरायचा डिजिटल टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारा) मिळतो. इंजिन बंद असताना क्रँकच्या पुलीवर त्याची चमकती पट्टी चिकटवायची आणि इंजिन चालू झाल्यावर लांबून किरण धरायचा. मफलर, सैल बाही बेल्टपासून दूर ठेवा. थंड असताना एक आणि घाट उतरून आल्यावर एक, असे दोन आकडे हवेत.

गरम असताना रेस चढलेली असेल त्याच वेळी पंपावरची लिव्हर पाहा. ती आयडलच्या स्क्रूला टेकलेली आहे का? मध्ये पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून पाहा. सरकला तर लिव्हर पूर्ण मागे येत नाही, आणि मग दोष केबलचा, स्प्रिंगचा किंवा पेडलचा. लिव्हर स्क्रूला घट्ट टेकलेली असूनही रेस जास्त असेल तर तीन शक्यता उरतात. स्क्रूच वाढवलेला असेल; पंपाच्या मागचा फुल लोडचा (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) स्क्रू कोणी सील तोडून फिरवला असेल, कारण तो आत फिरवला की काळ्या धुराबरोबर आयडलही वाढतो; किंवा काही पंपांवर थंडीसाठी मेण भरलेले उपकरण असते, जे कूलंट तापल्यावर वाढीव रेस मागे घेते, ते अडकले असेल.

एक गोष्ट धोक्याची आहे म्हणून आत्ताच सांगतो. चावी बंद केल्यावर इंजिन तत्काळ थांबते ना? टर्बोच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) सीलमधून इंजिन ऑइल इनटेकमध्ये जाऊ लागले तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच धावत सुटते, आणि चावीने डिझेल तोडले तरी थांबत नाही. तसे झालेच तर हवेचे तोंड जाड फळीने बंद करावे लागते, हाताने नव्हे.

अंजीरवाला (रविवार, दुपारी ४.००)

चावी बंद करताच इंजिन थांबते आणि निळा धूरही नाही, तेव्हा ती भीती नाही. फुल लोडच्या स्क्रूचे सील शाबूत आहे. मेणाचे उपकरण आमच्या पंपावर नाही.

आकडे असे आले. थंड इंजिन स्थिरावल्यावर मिनिटाला ९५० फेरे, आणि आज हडपसरला पोहोचल्यावर १२४०. गाडीच्या पुस्तिकेत ८०० दिलेले आहे. गरम असताना पोस्टकार्डाचा तुकडा लिव्हर आणि स्क्रू यांच्यामध्ये सहज सरकला. लिव्हर बोटाने मागे दाबली तर रेस ९५० वर आली, सोडली की पुन्हा १२४०.

मग केबलचा माग काढला. दोन वर्षांपूर्वी क्लचचे काम झाले तेव्हा कोणीतरी ती मूळ क्लिपमधून काढून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळून नेली होती. तेथे बाहेरचे आवरण वितळून आतल्या तारेला चिकटलेले आहे. थंड असताना तार सरकते आणि तापली की धरून ठेवते.

जुनी_पेट्रोल (रविवार, सायंकाळी ५.१०)

म्हणजे गॅरेजने वाढवलेला ‘स्लो’ ८०० चा ९५० झाला आणि उरलेले तीनशे केबलचे, असा हिशेब झाला. माझी व्हॅक्यूमची नळी या हिशेबात कुठेच बसत नाही हे मान्य.

निवृत्त_पंपवाला (रविवार, सायंकाळी ६.३०)

हिशेब बरोबर आहे. नवी केबल मूळ वाटेने, मूळ क्लिपमधून घाला. पेडल सोडलेले असताना केबलमध्ये किंचित ढील राहू द्या, कारण ताणून बांधलेली केबल लिव्हर टेकूच देत नाही. आणि पेडल पूर्ण दाबल्यावर लिव्हर पुढच्या टोकाला पोहोचते का तेही दुसऱ्या माणसाकडून पाहून घ्या, नाहीतर घाटात ताकद कमी पडेल. हे सगळे झाल्यावरच, इंजिन पूर्ण गरम असताना, आयडलचा स्क्रू सोडून ८०० करा. लॉक नट आवळताना आकडा थोडा सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. पुढचा सीलबंद स्क्रू कमाल वेगाचा आहे, त्याला हात लावू नका.

अंजीरवाला (बुधवार, रात्री ९.०५)

काल केबल बदलली. पहिल्या प्रयत्नात ती ताणून बसली होती आणि पोस्टकार्डाने ते लगेच दाखवले. आज गरम इंजिनावर स्क्रू फिरवून ८१० ठेवला आहे; ८०० वर एसी नसलेल्या या गाडीचे आरसे फार थरथरत होते. हडपसरच्या सिग्नलला रिव्हर्स आवाज न करता पडला, आणि पहाटेचा सेल्फ सलग पाचव्या दिवशी एकदाच मारावा लागला.

निवृत्त_पंपवाला (बुधवार, रात्री ९.३०)

८१० चालेल. पंपाच्या तोंडाशी लावलेली ती पारदर्शक नळी मात्र आता काढा. साधे प्लॅस्टिक डिझेलने आणि उष्णतेने काही आठवड्यांत कडक होते, आणि क्लिपखालून पुन्हा हवा घेऊ लागते.

अंजीरवाला (बुधवार, रात्री ९.५०)

आठवण केलीत ते बरे झाले, बुडबुडा दिसत नाही हे पाहण्यातच मी रमलो होतो. उद्या यार्डातून आल्यावर काढतो.